सर्टिफिकेटसाठी गेलो, गेजच्या मागे लागलो

एसी-फ्रिजच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे ‘ओझोन वाचवा’चं पोस्टर लावलेल्या हॉलमध्ये आपल्याला कोण काय शिकवणार, अशा घमेंडीतच गेलो होतो. सर्टिफिकेट असलं की ऑफिसांची वर्षाची कामं मिळायला बरं पडतं, एवढाच हेतू. आर-२२ हा एसीत भरायचा गॅस टप्प्याटप्प्यानं बंद करायची जी सरकारी योजना आहे, तिच्यात सर्व्हिसिंगवाल्यांसाठी हे दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं. आमच्या बॅचला फी नव्हती. ओळखीतली पोरं ‘जाऊ का?’ म्हणून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली सकाळ स्लाइडमध्ये गेली. निम्म्याहून जास्त मजकूर इंग्रजीत, आणि समोर आम्ही, कोणी आयटीआयवाले, कोणी उस्तादाच्या हाताखाली मार खात शिकलेले. मागच्या दोन रांगा झोपल्या. मी जागा होतो तेवढ्यात कामाचं एवढं धरलं: ओझोन वाचवायचा माँट्रियलचा करार १९८७चा, भारत त्यात १९९२ला आला, आपले नियम २०००चे. दम्याच्या पंपातला वापर सोडला तर सीएफसी, म्हणजे जुन्या फ्रिजमधले ओझोन खाणारे गॅस, आपण १ ऑगस्ट २००८ला बंद केले, मुदतीच्या सतरा महिने आधी. आता आर-२२ची पाळी. २०२५ लागल्यापासून नवीन मशीन बनवताना तो वापरता येत नाही. २०३०नंतर फक्त जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगपुरता अगदी थोडा, तोही २०४०पर्यंत. ‘साहेब, हा गॅस आता मिळतच नाही, नवीन एसी घ्या’ असं सांगून मशीन खपवणाऱ्यांनी या तारखा जरा पाठ कराव्यात.

सीटीसीचा, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइडचा विषय निघाला तेव्हा मात्र मीही सरळ बसलो. उमेदवारीत आम्ही गॅसची लाइन आतून धुवायला तेच वापरायचो. गोडसर वास यायचा. ग्रीसचे हातसुद्धा त्यातच धुवायचो! ते वर जाऊन ओझोन खातं आणि इथं खाली आपलं लिव्हर, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

खरं ट्रेनिंग जेवणानंतर सुरू झालं. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं काचेच्या जाड फ्लास्कमध्ये बोटभर पाणी घेतलं, गॅस भरण्याआधी लाइनमधली हवा आणि ओल खेचून काढायचा जो व्हॅक्यूम पंप असतो, त्याची लाइन लावली आणि पंप चालू केला. थोड्या वेळात पाणी खदखदा उकळायला लागलं. खाली शेगडी नाही, काही नाही. ‘काका, हात लावून बघा,’ म्हणाला. काच गार होती.

मग त्यानं तांब्याच्या लाइनवर पंप आणि मायक्रॉन गेज लावलं. आत किती हवा-ओल उरली ते हे गेज बारकाईनं दाखवतं, आकडा जितका कमी तितकं चांगलं. आमच्या नेहमीच्या प्रेशर मीटरचा, मॅनिफोल्डचा काटा व्हॅक्यूमच्या टोकाला तीसवर येऊन केव्हाच थांबला होता. मी आयुष्यभर तिथंच ‘झालं’ म्हणून पंप काढत आलोय. मायक्रॉन गेज मात्र अजून पाच हजारांच्या वर दाखवत होतं. पाचशेच्या खाली यायला बराच वेळ लागला. तिथं व्हॉल्व्ह बंद केला तर आकडा परत चढायला लागला, आणि दोन हजारांच्या आसपास जाऊन थांबला. ‘चढून थांबला तर आत ओल आहे. थांबलाच नाही तर लीक आहे.’ दोन वाक्यं. सव्वीस वर्षांत मला ही कोणी सांगितली नव्हती. ओल राहिली की तेलात ॲसिड बनतं आणि कॉम्प्रेसरची वायंडिंग जळते. मी मात्र अशा किती गिऱ्हाइकांना ‘तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे’ म्हणून सांगितलं असेल, मोजत नाही.

आणि ‘थोडा गॅस सोडून हवा काढणं’! पाइपच्या जोडावरचा फ्लेअर नट ढिला करायचा, फुस्स झालं की आवळायचा. इन्स्टॉलेशनला आम्ही सगळे हेच करायचो. आर-२२मधली क्लोरीन ओझोन तोडते, हे ऐकून माहीत होतं. पण आपला फुस्स त्यात धरतात, हे डोक्यात आलं नव्हतं. नव्या एसीतल्या आर-३२ गॅसमध्ये क्लोरीन नाही, म्हणजे तो सोडला तर चालतो, असं एकानं विचारलंच. चालत नाही. ओझोनला धोका नसला, तरी उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट आहे. शिवाय पेट घेऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी आर-२९०. म्हणजे प्रोपेनच, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. मशीनमध्ये आर-२२च्या साधारण निम्म्या वजनानं भरायचा, म्हणून अंदाजपंचे काम बंद, काट्यावर ग्रॅम मोजून. आधी खोलीचं दार उघडा, मगच पाना हातात घ्या. जुन्या आर-२२च्या मशीनमध्ये हा भरून देणारे बाजारात आहेत. त्यांच्याकडून काम करून घेऊ नका, त्या मशीनची वायरिंग यासाठी बनलेलीच नसते. हे सत्र सगळ्यात चांगलं झालं. फक्त माणसं तीसच्या आसपास आणि सेट दोन, त्यामुळे मागच्यांनी नुसत्या समोरच्यांच्या पाठी बघितल्या. मी कोपर मारून पुढं घुसलो.

आता तक्रार. जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये खेचून घेणारं रिकव्हरी मशीन कसं लावायचं, सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर का भरायचा नाही, सगळं नीट शिकवलं. पण काढलेला जुना गॅस घेऊन जायचं कुठं? मी उभा राहून विचारलं. उत्तर आलं, ‘अधिकृत केंद्रात.’ जवळचं केंद्र कोणतं? त्यावर सर चहाला गेले. मशीन परवडत नाही, हे एक वेळ चार जणांत मिळून घेऊन निभेल. पण भरलेला सिलिंडर घरात ठेवून त्याची पूजा करायची का? ज्यांनी हे ट्रेनिंग भरवलं त्यांनी एका पानावर पत्ते छापून द्यायला हवे होते. शेवटची परीक्षा तर नावालाच, शेजारच्याचं बघून लिहिली तरी पास.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण इंग्रजी स्लाइडनी खाल्ला, एक त्या चहानं. तरी जा. सकाळी झोपलात तरी हरकत नाही, दुपारी पहिल्या रांगेत बसा.

घरी आल्यावर मायक्रॉन गेज घेतलं, आणि तेव्हापासून वेगळीच कटकट. गेल्या आठवड्यात एका घरी पंप लावून बसलो होतो. वीस मिनिटांनी आजोबा आले. ‘अहो, हे नुसतंच घरघरतंय. काम कधी सुरू करणार?’ मी गेज त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि म्हणालो, ‘हा आकडा पाचशेच्या खाली आला की मला हाक मारा.’ ते खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळानं आतून आजींनी जेवायला बोलावलं, तर म्हणतात, ‘थांब गं, नऊशेवर आलाय.’