उपविधी-दुरुस्ती सेवा: व्याख्या पक्क्या, शेवटची कलमं कच्ची

नगरपालिकांचे जुने उपविधी (अधिनियमाखाली केलेले स्थानिक नियम) नव्याने लिहून देणाऱ्या सेवांचा कस व्याख्यांत लागतो. नुसतं ‘अडथळा’ न लिहिता पदपथावर किती रुंदी मोकळी हवी ते मीटरमध्ये दिलं, की निरीक्षक जागेवर टेप लावून पंचनामा करू शकतो. इथे या सेवांना पूर्ण गुण. नोटीस बजावणी, अपिलाची मुदत ठीकठाक. दंडाची रक्कम मात्र मूळ अधिनियमाच्या कमाल मर्यादेशी स्वतः ताडून पाहा. वर गेली तर न्यायालयात टिकत नाही. खरी ढिलाई शेवटच्या, निरसन व व्यावृत्तीच्या कलमात, म्हणजे जुने उपविधी रद्द करून त्यांखाली आधी झालेली कामं कायम ठेवणाऱ्या कलमात (कंटाळवाणं म्हणून ते कोणी वाचतच नाही). ते मोघम राहिलं तर जुन्या उपविधींखालची प्रलंबित प्रकरणं वादात सापडतात. आणि दंडाची पावती छापणाऱ्या यंत्रातले कलम-क्रमांक अंमलाच्या दिवशीच बदलून देण्याची अट करारात घाला.