तोमेई महामार्गावरचा १६२० किलोहर्ट्झ: नऊ महिने रोजच्या वाटेवर ऐकल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात माझे काम हामामात्सु येथील कारखान्यात हलले. मुलीची शाळा मध्येच बदलायची नाही असे ठरल्यामुळे घर कावासाकीलाच राहिले. तेव्हापासून सोमवारी पहाटे निघायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परतायचे असा क्रम चालू आहे. एका बाजूचा प्रवास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याचा बहुतेक भाग तोमेई या द्रुतगती मार्गावरून होतो. तोक्योहून निघून नागोयाजवळच्या कोमाकीपर्यंत जाणारा, सुमारे ३४७ किलोमीटर लांबीचा हा मार्ग १९६९ मध्ये पूर्ण झाला. आजही जपानमधली सर्वांत जास्त वर्दळ ज्या रस्त्यांवर असते त्यांत त्याची गणना होते. या नऊ महिन्यांत साठाहून अधिक फेऱ्या झाल्या आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत मी ‘हायवे रेडिओ’, म्हणजे चालकांना पुढच्या रस्त्याची स्थिती सांगणारा रेडिओ, ऐकला. जपानमध्ये गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी त्याचे फलक पाहिलेले असतात, पण रेडिओ लावून ऐकलेला नसतो, असे बोलण्यातून लक्षात आले. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रस्त्याच्या कडेला १६२० किलोहर्ट्झ असा आकडा आणि ‘येथून’ अशी सूचना असलेला फलक येतो. साधारण तीन किलोमीटर पुढे ‘येथपर्यंत’ असा दुसरा फलक येतो. या दोन फलकांच्या मध्येच तो रेडिओ ऐकू येतो. पहिल्या फलकापूर्वी खरखर असते, फलक मागे पडताच बाईचा स्वच्छ आवाज सुरू होतो आणि दुसऱ्या फलकानंतर तो तितक्याच झटकन नाहीसा होतो. निवेदन साधारण एका मिनिटाचे असते आणि तेच पुन्हा पुन्हा लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने तीन किलोमीटर कापायला १०८ सेकंद लागतात, त्यामुळे निवेदनाच्या मध्यावर तुम्ही शिरलात तरी एकदा ते पूर्ण ऐकू येतेच. हे अंतर आणि ही लांबी एकमेकांना मोजून बेतलेली आहे, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

एवढी नेमकी हद्द कशी पाळली जाते, याचे उत्तर रस्त्यालगत टाकलेल्या केबलमध्ये आहे. साध्या समाक्ष (कोअ‍ॅक्सियल) केबलमध्ये मधल्या तारेभोवती धातूचे आवरण असते आणि तिच्यातून संदेश बाहेर पडू नये याची काळजी घेतलेली असते. इथे मात्र बाहेरच्या धातूच्या आवरणातून थोडी गळती मुद्दाम राखलेली असते, त्यामुळे केबलच्या संपूर्ण लांबीवर, पण तिच्या अगदी जवळच, रेडिओलहरी उमटतात. अमेरिकेतही रस्त्याकडेची अशी लहान केंद्रे आहेत. तिथल्या दळणवळण आयोगाने १९७७ मध्ये त्यांना नियमांत जागा दिली आणि प्रक्षेपकाची शक्ती १० वॅटपर्यंत मर्यादित ठेवली. ती केंद्रे बहुधा एका उभ्या अँटेनावरून बोलतात, म्हणून त्यांचा संदेश वर्तुळात काही किलोमीटर पसरतो आणि शेजारच्या वस्तीतही ऐकू येतो. केबलवरच्या रेडिओला असे पसरट वर्तुळ नसते, त्याचा आकार रस्त्यासारखाच लांबट असतो. त्यामुळे पुढच्या टप्प्यात त्याच १६२० वर वेगळे निवेदन लावता येते आणि चालकाला आकडा बदलावा लागत नाही.

हा आकडा आपल्याला थोडा अनोळखी वाटतो. पुणे आकाशवाणी ७९२ वर आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर ऐकत वाढलेल्यांना मिडियम वेव्ह १६०२ ला संपते हेच माहीत असते. जपानमधील गाड्यांचे रेडिओ १६२९ पर्यंत जातात, आणि नेहमीच्या पट्ट्याच्या पलीकडची ही टोकाची जागा रस्त्याच्या माहितीसाठी वापरली जाते. पट्ट्याच्या टोकाला मोठ्या केंद्रांची गर्दी नसल्यामुळे एवढा क्षीण संदेशही स्वच्छ ऐकू येतो.

पहिला महिना मला निवेदनातले फारसे काही कळले नाही. माझे जपानी कामापुरते आहे आणि रेडिओवरची बाई थांबत नाही. मात्र वाक्याचा साचा ठरलेला असतो, हे हळूहळू ध्यानात आले. आधी मार्गाचे नाव आणि दिशा, मग कारण, मग कोंडीचे तोंड कोणत्या ठिकाणी आहे ते, आणि शेवटी लांबी. दिशेसाठी ‘नोबोरी’ म्हणजे चढती आणि ‘कुदारी’ म्हणजे उतरती असे शब्द येतात. तोक्योकडे जाणारी बाजू ती नोबोरी. मुंबईच्या लोकलमध्ये अप आणि डाउन ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘जिको’ म्हणजे अपघात, ‘कोजी’ म्हणजे रस्त्याचे काम, ‘जूताई’ म्हणजे कोंडी. एवढ्या चार-पाच शब्दांवर मी डिसेंबरपर्यंत निभावले.

यातला सर्वांत उपयोगी शब्द ‘सेन्तो’, म्हणजे अग्रभाग. “यामातो बोगद्याजवळ अग्रभाग, तिथून मागे १५ किलोमीटर कोंडी” अशा अर्थाचे वाक्य जपानी चालकांच्या कानांवर वर्षानुवर्षे पडत आले आहे. आपण कोंडी सांगतो तेव्हा ती कुठे लागते ते सांगतो. इथे ती कुठे सुटते ते आधी सांगतात आणि शेपटाची लांबी नंतर. गाडीतल्या माणसाला हेच हवे असते, कारण आपले उतरण्याचे ठिकाण त्या तोंडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर पुढचा निर्णय ठरतो. यामातो बोगद्याचेच नाव वारंवार का येते, याचा शोध घेतला तेव्हा रस्त्याच्या उंचसखलपणाचे कारण समोर आले. उतार संपून जेथे अगदी सौम्य चढ सुरू होतो, तेथे चालकाला चढ जाणवत नाही, गाडीचा वेग नकळत थोडा कमी होतो, मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा जास्त दाबतो आणि वर्दळ दाट असेल तर काही मिनिटांत रांग उभी राहते. त्यात बोगद्याचे तोंड दिसले की आणखी वेग उतरतो. अपघात नाही, बंद पडलेला ट्रक नाही, तरी मैलोगणती कोंडी. खंडाळ्याच्या घाटातली कोंडी जड वाहनांमुळे आणि तीव्र चढामुळे होते हे डोळ्यांना दिसते, पण इथल्या चढाकडे बोट दाखवले तरी तो दिसत नाही.

कारण सांगण्याची ही शिस्तच मला फोनवरच्या नकाशापेक्षा मोलाची वाटते. नकाशा लाल रेघ दाखवतो. रेडिओ सांगतो की ही रेघ अपघातामुळे आहे की केवळ वर्दळीमुळे. वर्दळीची कोंडी रात्र झाल्याशिवाय हटत नाही, म्हणून तेव्हा मी सरळ विश्रांतिस्थळावर थांबून जेवून घेतो. अपघाताची असेल तर पुढच्या टप्प्यातले निवेदन ऐकून मगच ठरवतो.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारची गोष्ट सांगतो. पहाटे कावासाकीला नुसता थंड पाऊस होता. फोनवरचा नकाशा संपूर्ण मार्ग हिरवा दाखवत होता. एबिनाच्या अलीकडे १६२० वर निवेदन लागले आणि त्यात गोतेंबाचे नाव, त्यापाठोपाठ बर्फ आणि ‘फुयुयो ताइया’ हे शब्द आले. हिवाळी टायर असलेल्या गाड्यांनाच पुढे सोडत आहेत, असा त्याचा अर्थ. तोमेईचा सर्वांत उंच भाग गोतेंबाजवळ सुमारे ४५४ मीटरवर आहे, आणि किनाऱ्यावर पाऊस असतो तेव्हा तिथे बर्फ असू शकतो, हे मला पुस्तकातून माहीत होते पण गाडीत बसताना सुचले नव्हते. माझ्या गाडीला साधे टायर होते. एबिनाच्या विश्रांतिस्थळावर गाडी उभी करून #८१६२ या क्रमांकावर फोन लावला, कारण तीच माहिती तिथे ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळते आणि हवी तितक्या वेळा ऐकता येते. खात्री झाल्यावर आत्सुगीला मार्ग सोडला, ओदावारापर्यंत खालच्या रस्त्याने गेलो, गाडी तिथे ठेवली आणि शिंकान्सेनने हामामात्सु गाठले. नकाशा चुकीचा नव्हता. पुढच्या गाड्या खरोखरच वेगात धावत होत्या, कारण त्यांना योग्य टायर होते. नियम कोणाला लागू आहे हे रंगाच्या रेघेतून कळत नाही, ते वाक्यातूनच कळते.

गोतेंबाच्या फाट्यावर तर या रेडिओची जागा फार विचाराने निवडलेली आहे. तिथून जुनी तोमेई आणि २०१२ मध्ये खुली झालेली शिन-तोमेई अशा दोन वाटा फुटतात. जुनी वाट युई येथे डोंगर आणि सुरुगा उपसागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाते, आणि वादळात उंच लाटांमुळे ती बंद ठेवावी लागते. फाट्याच्या अलीकडे दोन्ही वाटांची स्थिती ऐकायला मिळाली की मार्गिका बदलायला पुरेसा अवकाश उरतो. निर्णयाच्या आधी माहिती आणि निर्णयानंतर शांतता, हा क्रम मला अतिशय आवडतो.

उणिवाही मोकळेपणाने सांगतो. मी ऐकलेल्या प्रत्येक टप्प्यात निवेदन फक्त जपानीत होते. ठिकाणांची नावे आणि आकडे अवघे एक-दोन सेकंद टिकतात, आणि नवख्या कानाला ‘शिची’ म्हणजे सात आणि ‘इची’ म्हणजे एक यांत फरक करणे जड जाते. ७ किलोमीटरची कोंडी १ किलोमीटरची समजून मी एकदा दीड तास अडकलो, आणि ही चूक सर्वस्वी माझीच होती. दुसरी उणीव रेडिओची नसून गाडीची आहे. एप्रिलमध्ये आठवडाभर भाड्याची विजेवरची गाडी वापरली, तेव्हा मोटारीच्या विद्युत गोंगाटामुळे निवेदनामागे सतत शीळ ऐकू येत होती. काही विद्युत गाड्यांमध्ये मिडियम वेव्ह मुळीच दिलेली नसते, त्यामुळे गाडी घेताना हे तपासून पाहावे. तिसरे असे की दोन टप्प्यांमधले अंतर मोठे असते. एखादी घटना तुमच्या मागच्या फलकानंतर घडली, तर पुढचा टप्पा येईपर्यंत काहीच कळत नाही. त्यासाठी नकाशा सोबत ठेवावाच लागतो, पण तो हातात धरून पाहणे धोक्याचे तर आहेच, शिवाय डिसेंबर २०१९ पासून त्यासाठी साध्या मोटारीला १८ हजार येन दंड आहे. रेडिओला डोळे लागत नाहीत, हातही लागत नाहीत.

मे महिन्याच्या सलग सुट्ट्यांत आम्ही तिघे परत येत होतो आणि यामातोच्या रांगेत सापडलो. टप्प्याचे तीन किलोमीटर पार करायला पंचवीस मिनिटे लागली. तेच निवेदन वारंवार लागत होते, पण माहिती दर पाच मिनिटांनी नवी होते, त्यामुळे आकडा हलत होता. आधी १८ किलोमीटर, मग २०, पुन्हा २०, मग १९. मागच्या आसनावरून मुलगी प्रत्येक वेळी आकडा मराठीत मोठ्याने सांगत होती, कारण तिचे जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहे. १९ ऐकल्यावर गाडीतले सगळेच जरा सैलावलो. रांग तितकीच मोठी होती, तरी ती वाढायची थांबली आहे हे कळणे पुरेसे होते.

वापरून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. रेडिओचे ‘आपोआप शोधा’ हे बटण इथे उपयोगाचे नाही, कारण फलकाच्या बाहेर शोधायला काहीच नसते. घरी, गाडी उभी असताना, मिडियम वेव्हवर हाताने १६२० लावावे आणि पहिल्या क्रमांकाच्या बटणावर साठवून ठेवावे. फलक दिसला की न पाहता ते बटण दाबता आले पाहिजे. आवाज गाण्यांपेक्षा थोडा मोठा ठेवावा, कारण पहिले ठिकाण कानावरून निसटले तर बाकीचे वाक्य लावता येत नाही.