पाच लाख ब्रिटिश की 426 आफ्रिकी?

रोगांमागची जनुकं शोधायची म्हटलं की आधी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या जनुकीय आणि आरोग्यविषयक माहितीच्या साठ्याचं नाव निघतं, आणि ते रास्तच आहे. 2006 ते 2010 या काळात जमवलेले पाच लाख स्वयंसेवक आणि पाठोपाठ वर्षानुवर्षांच्या आरोग्यनोंदी. मधुमेहासारख्या आजारात शेकडो जनुकीय बदल थोडाथोडा हातभार लावतात. ते टिपायला एवढा आकार लागतोच. फक्त त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे आहेत.

आफ्रिकेतल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या एचथ्रीआफ्रिका प्रकल्पाने 2020 मध्ये जेमतेम 426 जणांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, मांडले. लोक मात्र 50 वांशिक-भाषिक गटांतले, आणि सापडले 30 लाखांहून जास्त नवे बदल! आफ्रिकेबाहेर पडलेल्या माणसांनी मूळ वैविध्याचा थोडाच हिस्सा सोबत नेला होता, त्याचा हा परिणाम.

आफ्रिकी नमुन्यांचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. युरोपीय जीनोममध्ये शेजारचे बदल लांबलचक गठ्ठ्याने वारशात येतात, त्यामुळे आजारामागचा खरा दोषी बदल कोणता हे कळत नाही. आफ्रिकी जीनोममध्ये हे गठ्ठे आखूड असतात, म्हणून तो शोधणं सोपं जातं. शिवाय पीसीएसके9 बघा: हे जनुक निकामी करणारे बदल डलासमधल्या काही आफ्रिकी-अमेरिकी लोकांत सापडले, गोऱ्यांत ते जवळजवळ नव्हतेच. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारी औषधं अमेरिकेत 2015 मध्ये आली.

पैसे माझ्या हातात असते तर पुढचे लाख नमुने आफ्रिकेतून घेतले असते. गोऱ्यांच्या माहितीवर बेतलेले आजाराच्या धोक्याचे अंदाज आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत बरेच चुकतात. तिथे आणखी ब्रिटिश नमुने घालून फारसं काही हाती लागणार नाही.