अनस की लिंगडोह? २०१७चा आयएसएल ड्राफ्ट

जुलै २०१७, मुंबई. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने भारतीय खेळाडू निवडायचे. जमशेदपूर नवा संघ, पाटी कोरी. ड्राफ्टमधल्या सर्वांत महागड्या दोन नावांची किंमत सारखीच, १ कोटी १० लाख: मधल्या बचावफळीतला अनस एडाथोडिका आणि मिडफिल्डर युजिनसन लिंगडोह.

दोघेही आपल्याकडे खेळलेले. अनस आधी मुंबई एफसीत, मग पुणे एफसीत. लिंगडोह आयएसएलमध्ये पुणे सिटीचा. प्रेक्षकाला विचाराल तर लिंगडोहच. फ्री किक, लांबून अचूक पास, शिवाय २०१५चा देशातला सर्वोत्तम खेळाडू. अनसचं काम दिसत नाही. तो चेंडू येण्याआधीच जागेवर उभा असतो, त्यामुळे घसरून टॅकल करायची वेळ क्वचितच येते. भारतीय संघात त्याला घ्यायला मात्र तिशी उजाडली, हे अजबच!

माझं मत तेव्हाही अनसलाच होतं. त्या मोसमापासून मैदानावर पाचच परदेशी खेळाडू चालणार होते. चाल रचणारा मिडफिल्डर परदेशातून आणता येतो. भरवशाचे भारतीय सेंटर बॅक (मधले बचावपटू) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जमशेदपूरचे प्रशिक्षक स्टीव्ह कॉपेलनी अनसला उचललं, लिंगडोह कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. जमशेदपूरचे पहिले तिन्ही सामने ०-०. कंटाळवाणे म्हणा हवं तर, पण नव्या संघाने गोल खाल्ला नाही.

पुढे दुखापतींनी दोघांनाही गाठलं. मोसमाअखेर जमशेदपूर पाचवं, एटीके नववं. ही तफावत एकट्या अनसमुळे पडली, असं मात्र मी म्हणणार नाही.