शिक्क्याखालचा खरखरीत पट्टा

गेल्या वर्षी इथे इंग्लंडमध्ये, जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मी साडेचारशे पौंडांना फसले. विक्रेत्यानं सांगितलेलं अर्धं खरं होतं. त्यामुळेच उरलेलं अर्धं मी तपासलं नाही.

आयर्नस्टोनच्या, म्हणजे चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या जाड, टणक मातीच्या आठ ताटल्या आणि झाकणाचं सूपचं मोठं भांडं. गडद निळा, विटकरी लाल, वर सोनेरी रेघा, जपानी इमारी वळणाची फुलं. तो म्हणाला, "मेसनचं आहे, १८१५ च्या सुमाराचं. बघा, रंग सगळा हातानं भरलाय." मी भिंग लावलं. लाल रंग पाकळीच्या रेषेबाहेर किंचित गेलेला, एका पानात दाट, शेजारच्यात पातळ. हातकामच होतं! मी पैसे मोजले.

चार्ल्स मेसन या इंग्रज कारखानदारानं आयर्नस्टोनचं पेटंट १८१३ मध्ये घेतलं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पण १८४८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. साचे आणि नमुने आधी फ्रान्सिस मॉर्लीकडे, मग अ‍ॅशवर्थ बंधूंकडे गेले. त्यांनीही मेसनची जुनी नक्षी आणि मुकुटाचा शिक्का चालू ठेवला, छापील रेषांत हातानंच रंग भरला. त्यामुळे कुंचल्याच्या खुणांवरून वय ठरत नाही.

घरी कोमट पाण्यात ताटल्या धुताना शिक्क्याखाली बोट अडखळलं. बाकीची पाठ काचेसारखी गुळगुळीत, तिथे मात्र नखाएवढा निस्तेज, खरखरीत पट्टा. आठही ताटल्यांवर. एकीवर शेवटच्या अक्षराची गोलाई तेवढी उरली होती, इंग्रजी 'डी'ची. 'इंग्लंड' हा शब्द घासून काढला होता. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचं नाव घालावं लागे. तो शब्द राहिला असता तर १८१५ चा दावा जागच्या जागी कोसळला असता. रात्री अंधारात यूव्ही टॉर्च मारला, तेव्हा भांड्याच्या झाकणाची मूठही वेगळीच चमकली. तुटलेली मूठ जोडून वरून रंग फवारला होता.

परत गेले तर त्यानं पावतीवर बोट ठेवलं. तिच्यावर फक्त 'शोभेचा डिनर सेट'. ना मेसन, ना साल.

अ‍ॅशवर्थच्या ताटल्या मला आवडतात. खऱ्या नावानं, योग्य भावात विकल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या. आता कारखाना, काळ आणि दुरुस्ती पावतीवर लिहून मिळाल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही. तुम्हीही उघडू नका.

ती 'डी'वाली ताटली बाजाराला जाताना मी सोबत नेते. नव्यानं जमवू लागलेलं कुणी भेटलं की तिच्या शिक्क्याखाली त्यांना बोट फिरवायला लावते.