डार्कटेबल : एका कॉन्ट्रास्टच्या जागी चार मॉड्यूल

छायाचित्रातील उजेड आणि सावली यांचे प्रमाण ठरवण्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, हायलाइट, शॅडो असे मोजके स्लायडर एकाखाली एक मिळतात. विनामूल्य आणि मुक्तस्रोत असलेले डार्कटेबल हे छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर हेच काम निरनिराळ्या मॉड्यूलमध्ये (एकेका कामासाठीच्या स्वतंत्र साधनांमध्ये) वाटून देते, त्यामुळे अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरची सवय असलेल्या माणसाला कॉन्ट्रास्ट नेमका कुठे वाढवायचा हेच आरंभी सापडत नाही. माझ्या मते ही विभागणी हेच ते वापरण्याचे खरे कारण आहे. मात्र ती अंगवळणी पडायला वेळ लागतो.

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ चित्र) उघडल्यावर आधी एक्स्पोजर मॉड्यूलमध्ये मुख्य विषयाची उजळता लावून घ्यायची आणि त्या वेळी आकाश पांढरे पडत असले तरी तिकडे खुशाल दुर्लक्ष करायचे. टिपलेल्या उजेडाचा सगळा पल्ला पडद्याच्या मर्यादेत बसवण्याचे काम त्यानंतरचे मॉड्यूल करते. (सेन्सरवरच जळालेला भाग अर्थातच कोणत्याही स्लायडरने परत येत नाही.) त्यासाठी फिल्मिक आरजीबी आणि सिग्मॉइड यांसारखे पर्याय आहेत. फिल्मिकमध्ये पांढरे व काळे टोक, कॉन्ट्रास्ट आणि इतर बरेच काही स्वतंत्रपणे ठरवता येते, पण एवढ्या नियंत्रणांची गरज क्वचितच पडते. डिसेंबर 2022 च्या 4.2 आवृत्तीत आलेल्या सिग्मॉइडमध्ये मुख्यतः कॉन्ट्रास्ट आणि स्क्यू (कॉन्ट्रास्टचा भर सावलीकडे की उजेडाकडे हे ठरवणारा) हे दोनच स्लायडर हाताळावे लागतात, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

खरी कमाल आहे ती टोन इक्वलायझरची. उणे 8 ते 0 ईव्ही (उजेडाचे एकक; एक ईव्ही वाढला की उजेड दुप्पट) या पल्ल्याचे नऊ पट्टे पाडून प्रत्येक पट्टा दोन ईव्हीपर्यंत उजळ किंवा गडद करता येतो. शिवाय चित्रावर कर्सर नेऊन माउसचे चाक फिरवले की त्या जागेच्या उजळतेचा पट्टा थेट बदलतो. वाड्याच्या अंधाऱ्या ओसरीतून उन्हातले अंगण टिपले असेल, तर ओसरीचे लाकूडकाम उजळूनही अंगणातील फरशीचा पोत शाबूत ठेवता येतो, कारण हे मॉड्यूल आतल्या आत एक मास्क (चित्रातील भाग उजळतेनुसार वेगळे करणारा नकाशा) तयार करते आणि कडा ओळखून एकेका भागाचा अंतर्गत कॉन्ट्रास्ट सांभाळते. अडचण या मास्कचीच आहे. तो बहुधा हिस्टोग्रामच्या (उजळतेच्या आलेखाच्या) मधोमध गोळा झालेला असतो आणि मास्किंगच्या टॅबमध्ये जाऊन त्याचे एक्स्पोजर व कॉन्ट्रास्ट पसरवले नाहीत, तर नऊपैकी दोन-तीन पट्ट्यांनीच काय तो फरक पडतो. ही पायरी सहज नजरेस पडत नाही, हा मांडणीचा दोष मानावा लागेल. शेजारच्या पट्ट्यांत फार तफावत ठेवली, तर कडांभोवती प्रभावळ दिसू लागते.

लोकल कॉन्ट्रास्ट मॉड्यूल बारीक पोत उठावदार करते. दगड, झाडी, ढग यांना ते शोभते. चेहऱ्यावर मात्र लवकरच कर्कश होते, म्हणून तिथे मास्क वापरून ते वगळावे.

लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर डार्कटेबल चालते आणि मूळ फाइलला हात न लावता सर्व बदल स्वतंत्र एक्सएमपी फाइलमध्ये ठेवते. ओपनसीएलला (ग्राफिक्स कार्डाकडून गणना करून घेणाऱ्या तंत्राला) साथ देणारे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर मात्र स्लायडर सरकवल्यावर चित्र बदलायला वेळ लागतो, आणि टोनसारखे नजरेने जोखायचे काम करताना तो विलंब विशेष खटकतो.