जुन्या मशीनसाठी रुफस: उत्तम, फक्त पार्टिशन स्कीम बघून घ्या

जुन्या कॉम्प्युटरसाठी बूटेबल पेनड्राइव्ह (मशीन ज्यावरून सुरू करता येतं असा) बनवायला रुफससारखं दुसरं साधन नाही. गाडी अडते ती बहुतेकदा पार्टिशन स्कीमपाशी, म्हणजे पेनड्राइव्हची विभागणी कुठल्या पद्धतीने करायची त्या सेटिंगपाशी. तिथे जीपीटी (नव्या मशीनची पद्धत) राहिलं, तर जुना बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून बूटच करत नाही. काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. एमबीआर (जुनी पद्धत) निवडा आणि टार्गेट सिस्टिममध्ये बायोस आलंय ना, ते बघा. लिनक्सचा पेनड्राइव्ह आयएसओ मोडमध्ये (फाइली कॉपी करून) बनवल्यावर अडला, तर डीडी मोडने (इमेज जशीच्या तशी उतरवून) पुन्हा लिहा. यूएसबी २.० पोर्टच वापरा.

विंडोज ११ ची टीपीएमची (सुरक्षा चिपची) अट रुफस काढून टाकतं, हे खरंच मोलाचं. पण प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही इन्स्ट्रक्शन नसेल, तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बूट होणारच नाही. तिथे कुठलीच सेटिंग कामाची नाही. पेनड्राइव्ह विंडोज ७ वर बनवताय? मग रुफस ३.२२ घ्या, ४.० पासून ते तिथे चालत नाही.